मेंदूतला नायट्रिक ऑक्साईड आणि न्यूरोट्रान्समीटरचा स्राव : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापुरात औषधशास्त्र शिकवताना नायट्रिक ऑक्साईड या एका रेणूवर जितके प्रश्न येतात तितके दुसऱ्या कशावरच येत नाहीत. विचारणाऱ्यांत फार्मसी, नर्सिंग आणि प्राणिशास्त्राचे विद्यार्थी असतात, आणि घरात कोणाला तरी सॉर्बिट्रेटची (रक्तवाहिन्या सैल करणारी) गोळी चालू आहे अशी मंडळीही असतात. न्यूरोट्रान्समीटर म्हणजे चेतापेशी एकमेकींना निरोप देण्यासाठी सोडतात ते रसायन. आधी सोपे प्रश्न घेतले आहेत, मग अडचणीचे. प्रत्येक उत्तर सुटं वाचता येईल. जिथे विषय दुसऱ्या उत्तरात सविस्तर आला आहे तिथे त्याचा क्रमांक दिला आहे. वेळ कमी असेल तर प्रश्न ५ आणि ७ नक्की वाचा.

१. नायट्रिक ऑक्साईड म्हणजे तो हसवणारा वायूच ना?

नाही. भूल देताना किंवा दातांच्या दवाखान्यात वापरतात तो नायट्रस ऑक्साईड. त्यात नायट्रोजनचे दोन अणू असतात. नायट्रिक ऑक्साईडमध्ये, म्हणजे एनओमध्ये, नायट्रोजनचा एक आणि ऑक्सिजनचा एक अणू असतो, शिवाय एक इलेक्ट्रॉन बिनजोडीचा. त्या एकट्या इलेक्ट्रॉनमुळे तो चटकन दुसऱ्याशी संयोग पावतो आणि शरीरात फार तर काही सेकंद टिकतो.

गाड्यांच्या धुरात असतो तो हाच रेणू. पण धुरातला एनओ श्वासातून मेंदूपर्यंत पोचून काम करेल असं नाही, कारण रक्तात शिरताच हिमोग्लोबिन त्याला पकडून संपवतं. म्हणूनच नवजात बाळाच्या फुफ्फुसातला रक्तदाब उतरवायला हा वायू श्वासातून देता येतो आणि बाकीच्या शरीराचा रक्तदाब त्याने पडत नाही. मेंदूला लागणारा एनओ मेंदूतच, गरजेच्या जागी तयार व्हावा लागतो.

२. चेतापेशीत वायू तयार होतो कसा?

आर्जिनिन या अमिनो आम्लापासून. नायट्रिक ऑक्साईड सिंथेज नावाचं एन्झाइम ऑक्सिजन वापरून आर्जिनिनचं सिट्रुलिन करतं आणि त्यातून एनओ सुटतो. या एन्झाइमचे तीन प्रकार आहेत: चेतापेशींतला, रक्तवाहिन्यांच्या अस्तरातला आणि जंतुसंसर्ग किंवा दाह झाला की तयार होणारा. पहिले दोन पेशीतल्या कॅल्शियमवर चालू-बंद होतात. तिसरा एकदा तयार झाला की बराच काळ एनओ बनवत राहतो, आणि प्रमाणही मोठं असतं.

चेतापेशीतल्या एन्झाइमची जागा लक्षात ठेवा. ते पीएसडी-९५ या प्रथिनाला बांधलेलं असतं आणि तेच प्रथिन ग्लुटामेट या चेतवणाऱ्या न्यूरोट्रान्समीटरच्या एनएमडीए रिसेप्टरलाही (त्याचा निरोप ओळखणाऱ्या प्रथिनालाही) धरून ठेवतं. त्यामुळे रिसेप्टर उघडून कॅल्शियम आत आलं की ते आधी या एन्झाइमला भेटतं. जॉन गार्थवेट आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये उंदराच्या अनुमस्तिष्कातल्या (लहान मेंदूतल्या) पेशींचे एनएमडीए रिसेप्टर उत्तेजित केले, तेव्हा त्या पेशींतून रक्तवाहिनी सैल करणारा पदार्थ बाहेर पडला. मेंदूतल्या एनओची कथा तिथे सुरू झाली. १९९० मध्ये डेव्हिड ब्रेट आणि सॉलोमन स्नायडर यांनी मेंदूतलं एन्झाइम शुद्ध स्वरूपात वेगळं केलं. रक्तवाहिन्यांवरच्या कामासाठी फर्चगॉट, इग्नॅरो आणि मुराद यांना १९९८ चं नोबेल मिळालं.

३. मग याला न्यूरोट्रान्समीटर म्हणायचं की नाही? परीक्षेत काय लिहू?

"अपारंपरिक न्यूरोट्रान्समीटर" किंवा "वायुरूप संदेशवाहक" लिहा, आणि कारणं द्या. ॲसिटिलकोलिन किंवा डोपामिन यांसारखं नेहमीचं न्यूरोट्रान्समीटर व्हेसिकलमध्ये, म्हणजे पेशीतल्या सूक्ष्म पिशव्यांत, साठवलेलं असतं, संदेश आला की बाहेर टाकलं जातं आणि समोरच्या पेशीच्या पृष्ठभागावरच्या ठरावीक रिसेप्टरला जोडलं जातं. एनओ साठवताच येत नाही. गरज पडली की बनतो आणि पेशींच्या पडद्यांतून आरपार पसरतो. त्याचं लक्ष्य पेशीच्या आत असतं, आणि त्याला परत खेचून घेणारा पंपही नाही.

आपल्याकडच्या जुन्या माणसांना गिरणीचा भोंगा आठवत असेल. तो कोणा एकाच्या दारात जाऊन वाजत नसे. चाळीतल्या सगळ्या घरांत ऐकू येई, पण उठून कामाला निघे तो ज्याची पाळी असे तोच. एनओ तसाच आजूबाजूच्या सगळ्या सिनॅप्सपर्यंत (दोन चेतापेशींच्या सांध्यांपर्यंत) पोचतो. प्रतिसाद देतात त्या मुख्यतः ज्यांच्याकडे तो ओळखणारं एन्झाइम आहे त्या. ते एन्झाइम कोणतं, ते पुढच्या उत्तरात.

४. न्यूरोट्रान्समीटर सोडायचं काम व्हेसिकल करतात. त्यात एनओ हात कुठे घालतो?

मुख्य वाट ग्वानिलिल सायक्लेज या एन्झाइमची. त्याच्या गाभ्यात लोह असलेला हीम असतो. एनओ त्या लोहाला चिकटला की एन्झाइमचा वेग शेकडो पटींनी वाढतो आणि पेशीत सीजीएमपी हा निरोप्या रेणू साचतो. सीजीएमपी प्रोटीन कायनेज-जी या एन्झाइमला जागं करतं, काही आयन वाहिन्यांवर थेटही काम करतं. चेतातंतूच्या टोकाला याचा अर्थ असा की कॅल्शियम किती आत येईल आणि रिकाम्या झालेल्या व्हेसिकल किती लवकर परत भरायला घेतल्या जातील, हे दोन्ही बदलतं. उंदराच्या मेंदूच्या देठात ऐकण्याच्या मार्गावर एक फार मोठा सिनॅप्स असतो, कॅलिक्स ऑफ हेल्ड. तिथे समोरच्या पेशीत बनलेला एनओ मागे येतो आणि कायनेज-जी मार्फत व्हेसिकल परत घेण्याचा वेग वाढवतो. सेकंदाला शेकडो संदेश पाठवणाऱ्या टोकाचा साठा त्यामुळे टिकतो. मला स्वतःला हे उदाहरण फार आवडतं, कारण "स्राव वाढला की कमी झाला" या प्रश्नापलीकडे "स्राव किती वेळ टिकला" हाही प्रश्न असतो, हे त्यातून कळतं.

दुसरी वाट नायट्रोसिलेशनची. एनओचा गट प्रथिनातल्या सिस्टीनच्या गंधकाला जोडला जातो आणि प्रथिनाचं वागणं बदलतं. व्हेसिकल पडद्याला जोडणारं सिंटॅक्सिन आणि त्यानंतरची जोडणी सोडवणारं एनएसएफ, दोन्ही यात येतात. एनएमडीए रिसेप्टरही येतो. त्याची क्रिया याने मंदावते, म्हणजे ज्याच्यामुळे एनओ बनला त्यालाच तो आवरतो.

तिसरी वाट संदेशाची नाहीच. सुपरऑक्साईड (ऑक्सिजनचं एक अतिक्रियाशील रूप) भेटलं की एनओपासून परऑक्सिनायट्राइट हा पेशींना इजा करणारा पदार्थ बनतो, आणि एनओ जास्त साचला तर तो मायटोकॉन्ड्रियातलं श्वसनही अडवतो. पेशीची ऊर्जा संपते, पंप थांबतात, ग्लुटामेट बाहेर गळतं. परीक्षानळीत मोजलं तर हाही "वाढलेला स्राव" म्हणूनच दिसतो. पुढच्या उत्तरातल्या गोंधळाचं मोठं कारण हेच आहे.

५. मॅडम, एका वाक्यात सांगा: एनओने स्राव वाढतो की कमी होतो?

एका वाक्यात सांगितलं तर ते चुकीचंच असेल. कोणता न्यूरोट्रान्समीटर, मेंदूचा कोणता भाग, एनओ किती आणि किती वेळ, यावर उत्तर उलटं-सुलटं होतं. मार्गदर्शिकांत "एनओमुळे ग्लुटामेटचा स्राव वाढतो" अशी एक ओळ छापलेली असते आणि मुलं तीच पाठ करतात. मला त्याचं खरोखर वाईट वाटतं.

ग्लुटामेटपासून सुरुवात करू. हिप्पोकॅम्पस या स्मरणशक्तीशी निगडित भागाच्या वेगळ्या केलेल्या चेतातंतूंच्या टोकांवर एनओ दिल्यावर बाहेरून कॅल्शियम आत आलं नाही तरी व्हेसिकल रिकाम्या होतात, असं १९९४ मध्ये दिसलं. त्याच भागाच्या टोकांवर दुसऱ्या परिस्थितीत सीजीएमपीमुळे कॅल्शियमवर अवलंबून असलेला ग्लुटामेटचा स्राव घटतानाही दिसतो. दोन्ही निरीक्षणं खरी आहेत, फक्त वाटा वेगळ्या आहेत.

गाबाचं, म्हणजे चेतापेशींना शांत करणाऱ्या न्यूरोट्रान्समीटरचं, चित्र जास्त स्पष्ट आहे. हायपोथॅलॅमसच्या पॅराव्हेंट्रिक्युलर केंद्रात एनओ गाबाचा स्राव वाढवतो आणि त्यामुळे रक्तदाब चढवणाऱ्या सिंपथेटिक चेतांचा जोर कमी होतो. इथे वाढ झाली ती शांत करणाऱ्या पदार्थाची, म्हणून अंतिम परिणाम "कमी" असा आला. मेंदूच्या व्हेंट्रल टेगमेंटल भागात डोपामिनच्या पेशी स्वतः एनओ सोडतात. तो मागे गाबाच्या टोकाकडे जातो आणि तिथला स्राव दीर्घकाळ वाढवून ठेवतो, म्हणजे डोपामिनच्या पेशीवर लगाम राहतो. उंदरांना मॉर्फिनचा एकच डोस दिला तर दुसऱ्या दिवशीही हा लगाम लागत नाही, कारण एनओ ते ग्वानिलिल सायक्लेज ही कडी तुटलेली असते. व्यसन समजून घ्यायला हा तपशील मोलाचा आहे.

मेंदूच्या स्ट्रायटम या भागात एनओ देणारी संयुगं (एनओ-दाता) सोडली की बाहेरचं डोपामिन बहुतेक वेळा वाढलेलं सापडतं. पण एनओ डोपामिन परत खेचणाऱ्या वाहकालाही अडवतो. तेव्हा वाढ जास्त सोडल्याने झाली की कमी उचलल्याने, हे वेगळं तपासावं लागतं. ॲसिटिलकोलिनच्या बाबतीत मांजरांच्या पॉन्समध्ये (मेंदूच्या देठाच्या एका भागात) एनओ बनणं थांबवलं की स्राव घटतो आणि स्वप्नांची झोपही कमी होते.

आता मात्रेबद्दल. मेंदूत नैसर्गिकरीत्या एनओचं प्रमाण साधारण ०.१ ते ५ नॅनोमोलरच्या घरात असावं असा आजचा काळजीपूर्वक अंदाज आहे. प्रयोगांत मात्र एनओ-दाता संयुगं शेकडो मायक्रोमोलरने ओतलेली असतात. त्यातून सुटणारा एनओ जितका ओतला तितका नसतो हे खरं, तरी तो नैसर्गिक पातळीच्या कित्येक पट वर जाऊ शकतो. निष्कर्ष वाचण्याआधी मात्रा वाचायची सवय लावा.

६. स्मरणशक्तीत एनओ उलट दिशेने जातो म्हणतात, ते काय?

सिनॅप्सवर संदेश नेहमी पुढे जातो. पण शिकताना सिनॅप्स मजबूत व्हायचा असेल तर "संदेश पोचला" ही खबर मागच्या पेशीलाही मिळायला हवी. समोरच्या पेशीत एनएमडीए रिसेप्टरमुळे बनलेला एनओ ती खबर मागे नेतो आणि मागची पेशी पुढच्या वेळी जास्त ग्लुटामेट सोडते. हिप्पोकॅम्पसमध्ये याचे चांगले पुरावे आहेत. हा एकमेव उलटा संदेशवाहक नाही. एंडोकॅनाबिनॉइड ही मेंदूतच बनणारी रसायनंही तेच काम करतात आणि बहुतेक ठिकाणी स्राव घटवतात. उत्तरात दोन्ही लिहिणाऱ्याला मी पूर्ण गुण देते.

७. एसएनपी, स्नॅप, सिन-१, नोनोएट: सगळे एनओच देतात ना? मग निकाल वेगळे का?

कारण ती वेगवेगळी संयुगं आहेत आणि एनओ हा त्यांच्यातून निघणाऱ्या अनेक गोष्टींपैकी एक आहे.

सोडियम नायट्रोप्रुसाइड (एसएनपी) आपोआप एनओ सोडत नाही. त्याला प्रकाश किंवा थायॉल (गंधकयुक्त संयुग) लागतं. अतिदक्षता विभागात त्याची बाटली झाकून ठेवतात ती प्रकाशामुळे ते बिघडू नये म्हणून. त्यातून सायनाइडही सुटतं आणि लोहाचं सायनाइड संयुग मागे उरतं. स्रावातला बदल एनओचा की या बाकीच्यांचा, हे नुसत्या एसएनपीवरून सांगता येत नाही.

सिन-१ एनओबरोबर सुपरऑक्साईडही सोडतं, म्हणजे प्रत्यक्षात ते परऑक्सिनायट्राइटचं दाता आहे. परऑक्सिनायट्राइटचं काम प्रश्न ४ मध्ये आलं आहे. एनओचा परिणाम पाहायला सिन-१ वापरू नका.

स्नॅपच्या विघटनाचा वेग तांब्याच्या सूक्ष्म अंशावर, प्रकाशावर आणि तापमानावर अवलंबून असतो. नोनोएट त्यामानाने सरळ आहेत, कारण त्यांचा वेग आम्लता आणि तापमान यांवरून आधी सांगता येतो. ३७ अंश आणि ७.४ पीएचला डीईए-नोनोएटचं अर्धायुष्य सुमारे २ मिनिटं, स्पर्मिन-नोनोएटचं सुमारे ३९ मिनिटं, डेटा-नोनोएटचं सुमारे २० तास. तीच एकूण मात्रा एक झपाट्याने संपवतो, दुसरा दिवसभर थेंब थेंब देतो. चेतातंतूच्या टोकाला हे दोन अगदी निराळे अनुभव आहेत.

सोलापूरकरांसाठी खास सूचना. २२ ते २५ अंशांना डीईए-नोनोएटचं अर्धायुष्य १६ मिनिटं असतं, ३७ ला २. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे वीज गेली की प्रयोगशाळेचं तापमान चाळिशीला टेकतं. पुस्तकात लिहिलेलं "खोलीचं तापमान" म्हणजे ते नव्हे. साठ्याचं द्रावण सौम्य सोडियम हायड्रॉक्साईडमध्ये, बर्फावर ठेवा आणि वापरायच्या क्षणी बफरमध्ये मिसळा.

८. परिणाम एनओमुळेच झाला हे सिद्ध कसं करायचं?

आधी तेच दाता संयुग एनओ पूर्ण निघून गेल्यावर द्या. परिणाम तरीही दिसला तर तो एनओचा नाही. मग हिमोग्लोबिन किंवा पीटीआयओ घालून एनओ शोषून घ्या आणि परिणाम जातो का बघा. त्यानंतर ओडीक्यूने ग्वानिलिल सायक्लेज बंद करा. परिणाम गेला तर वाट सीजीएमपीची. राहिला तर प्रश्न ४ मधल्या दुसऱ्या-तिसऱ्या वाटा तपासा. आणि रसायनाने वेगळं दुसरं दाता संयुग घेऊन सगळं पुन्हा करा. मेथिलीन ब्लू स्वस्त म्हणून वापरायचा मोह होतो, पण ते ग्वानिलिल सायक्लेजबरोबर एनओ सिंथेज आणि मोनोअमाइन ऑक्सिडेज (डोपामिन मोडणारं एन्झाइम) हेही अडवतं.

९. सॉर्बिट्रेट घेतलं की बाबांचं डोकं ठणकतं. गोळी मेंदूवर काम करते का?

सॉर्बिट्रेट म्हणजे आयसोसॉर्बाइड डायनायट्रेट. शरीरात त्यातून एनओचं काम करणारा पदार्थ तयार होतो आणि रक्तवाहिन्या सैल होतात. डोक्याच्या वाहिन्या आणि त्यांच्याभोवतीच्या ट्रायजेमिनल चेतातंतूंवरही परिणाम होतो; त्या टोकांतून सीजीआरपी नावाचा पेप्टाइड सुटतो आणि डोकं दुखतं. हेही स्रावावर होणाऱ्या परिणामाचंच उदाहरण, फक्त मेंदूच्या बाहेरचं. ज्यांना अर्धशिशी आहे त्यांना नायट्रोग्लिसरीन दिल्यावर आधी लगेच साधी डोकेदुखी आणि काही तासांनी खरी अर्धशिशी उठते, म्हणून संशोधनात हा ठरलेला प्रयोग आहे. डायनामाइटच्या कारखान्यांत कामगारांना रविवारच्या सुट्टीनंतर सोमवारी डोकेदुखी होई, कारण आठवडाभरात झालेली सवय एका दिवसात मोडत असे.

डोकेदुखी बहुधा काही दिवसांत कमी होते. गोळी स्वतःहून बंद करू नका. डॉक्टरांना सांगा, मात्रा बदलता येते. आणि एक गोष्ट ठळकपणे: नायट्रेट चालू असताना सिल्डेनाफिल (व्हायाग्रा) किंवा त्या जातीची गोळी कधीही घेऊ नये. नायट्रेट सीजीएमपी वाढवतं, सिल्डेनाफिल ते मोडू देत नाही, आणि रक्तदाब जिवावर बेतेल इतका कोसळू शकतो. संकोचामुळे ही गोष्ट डॉक्टरांना न सांगणारी माणसं आपल्या आसपास आहेत.

१०. शेंगदाण्यात आर्जिनिन असतं. मग आपली शेंगाचटणी मेंदूला चांगली का?

शेंगदाण्यात १०० ग्रॅमला सुमारे ३ ग्रॅम आर्जिनिन असतं, हे खरं. कडक भाकरीबरोबर खुशाल खा. पण त्याने चेतापेशींत जास्त एनओ बनेल असं नाही: सिंथेजला काही मायक्रोमोलर आर्जिनिन पुरतं आणि पेशीत ते त्याच्या कितीतरी पट आधीच असतं. चेतापेशीत एनओ किती बनेल हे कॅल्शियम ठरवतं (प्रश्न २).

डाळिंबाचं विचारणारेही खूप. सोलापूर डाळिंबाला भौगोलिक मानांकन आहे, राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रही इथेच आहे, तेव्हा साहजिक आहे. २००६ मध्ये नोबेलवाल्या इग्नॅरो (प्रश्न २) यांच्याच गटाने दाखवलं की डाळिंबाचा रस एनओचं ऑक्सिडेशनपासून रक्षण करतो. पण ते काम प्रयोगशाळेतल्या पेशींवरचं आहे. त्यावरून "डाळिंबाने डोपामिन वाढतं" म्हणणं ही उडी झाली.

बीट, पालक, मुळा यांची वाट निराळी आहे. त्यांतल्या नायट्रेटचं जिभेवरचे जिवाणू नायट्राइट करतात आणि ऑक्सिजन कमी असलेल्या जागी त्यातून एनओ बनतो. रक्तदाब थोडा उतरतो. जंतुनाशक माउथवॉशने रोज चुळा भरल्या तर जिवाणू मरतात आणि हा फायदा घटतो.

११. जिमवाले आर्जिनिनची पावडर देतात, "फोकस" वाढतो म्हणून. घेऊ का?

माझं उत्तर नाही असंच आहे. का उपयोग नाही ते प्रश्न १० मध्ये आहे. धोका असा: हृदयविकाराच्या झटक्यानंतर आर्जिनिन देऊन पाहणारी एक अमेरिकी चाचणी थांबवावी लागली, कारण आर्जिनिनच्या गटात सहा मृत्यू झाले आणि दुसऱ्या गटात एकही नाही. निकाल २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. घरात हृदयरोगी असेल तर ती पावडर डब्यातही ठेवू नका.

१२. उन्हाने एनओ वाढतो असं वाचलं. मग मेच्या उन्हात फिरावं?

नको. अतिनील-ए किरणांनी त्वचेतल्या साठ्यातून एनओ सुटतो आणि रक्तदाब किंचित उतरतो, हे दाखवलं गेलं आहे. तो त्वचेचा आणि वाहिन्यांचा विषय आहे, मेंदूतल्या स्रावाचा नाही. आपल्या उन्हाळ्यात दुपारी मिळतो तो उष्माघात.

१३. पक्षाघातात एनओ वाचवतो की मारतो?

कोणत्या एन्झाइमने बनवला त्यावर. रक्तपुरवठा तुटला की ग्लुटामेटचा पूर येतो, एनएमडीए रिसेप्टर उघडेच राहतात आणि चेतापेशीतलं सिंथेज एनओ बनवत सुटतं. त्यातून परऑक्सिनायट्राइट आणि पेशींचा मृत्यू. ज्या उंदरांत हे एन्झाइम नव्हतं त्यांच्या मेंदूचं नुकसान कमी झालं. ज्यांच्यात वाहिन्यांच्या अस्तरातलं एन्झाइम नव्हतं त्यांचं नुकसान जास्त झालं, कारण वाहिन्या उघड्या ठेवणारा एनओ त्यांना मिळाला नाही. म्हणून सगळे प्रकार सरसकट बंद करणारं औषध इथे चालत नाही.

१४. ७-नायट्रोइंडाझोलने चेतापेशीतलं एन्झाइम बंद केलं आणि डोपामिन वाढलं. "एनओ डोपामिन कमी करतो" असा निष्कर्ष प्रबंधात लिहू का?

एवढ्यावर लिहू नका. ७-नायट्रोइंडाझोल मोनोअमाइन ऑक्सिडेज-बी देखील अडवतं, आणि ते एन्झाइम डोपामिन मोडतं. तुम्ही पाहिलेली वाढ मोडणं थांबल्यामुळेही असू शकते. शिवाय "फक्त चेतापेशीतल्या प्रकारावर चालतं" ही त्याची ख्याती जिवंत प्राण्यात रक्तदाब चढत नाही यावरून आली आहे; शुद्ध एन्झाइमवर तपासलं तर इतर प्रकारही ते अडवतं. एल-नेम किंवा दुसऱ्या रसायनाचा अवरोधक घेऊन प्रयोग पुन्हा करा, डोपामिनबरोबर त्याचं विघटनजन्य डोपॅक मोजा, आणि आर्जिनिन दिल्यावर परिणाम उलटतो का ते पाहा. डोपामिन वाढताना डोपॅक घटलं असेल तर संशय मोनोअमाइन ऑक्सिडेजवर घ्या. दोन्ही एकत्र वाढले असतील तर स्रावाबद्दल बोलायला तुमच्याकडे आधार आहे, आणि मग प्रश्न ८ मधल्या कसोट्या लावा.